बंदरावरचें जेवण

काय खावें, केव्हां खावें, कोणाच्या हातचें खावें, कोणत्या दिशेस तोंड करून बसावें, या प्रश्नांचा आपल्या धर्मशास्त्रकारांनीं जितका कीस काढला आहे तितका राजनीतीचाही क्वचितच काढला असेल. त्यांचे बहुतेक नियम शहरांतील घरांतून, कोणीं मुद्दाम न मोडतां, आपोआप गळून पडले. सोंवळें देवघरापुरतें उरलें. चित्राहुती श्राद्धाच्या दिवशीं कोणाला तरी आठवतात. आणि पाटाच्या जागीं टेबल आलें त्यासही आतां दोन पिढ्या झाल्या. एक नियम मात्र टिकून राहिला, व तो घरांतून उठून थेट हॉटेलांत जाऊन बसला आहे. तो म्हणजे पंक्तिभेदाचा.

ज्या घरांत सर्वच शाकाहारी किंवा सर्वच मत्स्याहारी, त्यांस हें कोडें पडत नाहीं. परंतु देशस्थ-कोंकणस्थांच्या घरीं सारस्वत किंवा अन्य मत्स्याहारी कुळांतील सुना येणें हें हल्लीं नवलाचें राहिलेलें नाहीं. अशी सून सासरच्या स्वयंपाकघराचा नियम बहुधा बिनतक्रार पाळते. प्रश्न उभा राहतो तो सर्व कुटुंब बाहेर जेवावयास निघालें म्हणजे. एका बाजूस ‘खाणारांचें’ टेबल, दुसऱ्या बाजूस ‘न खाणारांचें’, मधून ये-जा करणारीं मुलें, आणि दोन्हींकडे अर्धवट तुटलेलीं संभाषणें, हा देखावा रविवारच्या दुपारीं कोणत्याही बऱ्या हॉटेलांत पाहावयास सांपडतो. एका घरचीं माणसें घर सोडून बाहेर येतात तीं एकत्र जेवावयास; आणि एकत्र जेवावयास येऊन निरनिराळीं बसतात!

आमचें बिऱ्हाड भायखळ्यास. या नांवाची व्युत्पत्ति दोन प्रकारें सांगतात: ‘भाया’ नांवाच्या कोणा इसमाचें खळें, किंवा भाया म्हणजे बहाव्याचीं झाडें जेथें होतीं तें खळें. कोणतीही खरी धरली तरी तींत पाण्याचा उल्लेख नाहीं. आणि तरीही हा भाग एके काळीं अर्धा पाण्यांतच होता. वरळी आणि महालक्ष्मी यांमधील खिंडार हॉर्नबी वेलार्ड बांधून १७८४ च्या सुमारास बंद होईपर्यंत भरतीचें पाणी आंत शिरून भायखळ्याच्या सखल मैदानावर पसरत असे. पूर्वेचें माझगांव तर स्वतंत्र बेटच. त्याच्या नांवाचा संबंध ‘मत्स्यग्रामा’शीं जोडतात. संस्कृताच्या शिक्षकास ही व्युत्पत्ति गोड लागावी यांत आश्चर्य नाहीं. तथापि कोळ्यांनीं आपल्या वस्तीस तत्सम नांव ठेविलें असेल असें मानण्यापेक्षां ‘मच्छगांव’ हा सरळ प्राकृत शब्द मला अधिक पटतो. कसेंही असो, मासळी आमच्या उंबरठ्याशीं आहे ती आजकालची नव्हे.

पुढें १८७३ सालीं बंदराचें विश्वस्त मंडळ स्थापन झालें, १८८० सालीं प्रिन्सेस गोदी उघडली, नंतर व्हिक्टोरिया आणि अलेक्झांड्रा या गोद्या झाल्या, व पूर्वेचा सारा किनारा भिंती, वखारी आणि रूळ यांच्या आड गेला. भायखळ्याच्या माणसास समुद्र पाहावासा वाटला म्हणजे तो पश्चिमेस चौपाटीवर जातो. पूर्वेचा समुद्र घरापासून तीन किलोमीटरांच्या आंत असून त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळ भंडारवाड्याची टेकडी आहे, तिच्यावर लोकमान्यांचे सहकारी काका बॅप्टिस्टा यांच्या नांवाचें उद्यान आहे. तेथवर चढून गेलें तरच गोदीचे उंच याऱ्या आणि त्यांपलीकडे चकाकणारें पाणी दिसतें.

या भिंतींतील एक दार मात्र सामान्य माणसासाठीं उघडें राहिलें. तें भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, ज्यांस लोक भाऊ म्हणत, त्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत उतारूंच्या सोयीसाठीं मूळचा धक्का बांधला. भराव पडत गेला, किनारा पुढें सरकला, आजचा धक्का त्या जुन्या जागीं नाहीं. पण नांव भाऊंचें तें भाऊंचेंच राहिलें. येथें पहांटे मासळीचा लिलाव चालतो. रात्रभर आलेल्या नौकांतून बर्फांतली मासळी पाट्यांनीं वर येते, आणि कोळिणी ज्या वेगानें भाव पुकारतात त्या वेगानें माझ्या वर्गांतील एकाही विद्यार्थ्यास पाढे म्हणतां आले नाहींत. त्याच धक्क्यावरून मोऱ्यास व रेवसास जाणाऱ्या लाँची सुटतात. आणि १५ मार्च १९२० नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतर, १५ मार्च २०२० पासून मोटारी पोटांत घेऊन जाणारी रो-रो नौका मांडव्यास जाऊं लागली. (सुरू झाली ती टाळेबंदीच्या तोंडावर, त्यामुळें आठवडाभरांतच बंद पडून ऑगस्टांत पुन्हां सुरू झाली.) सडकेनें शंभर किलोमीटरांहून अधिक असलेला मांडवा पाण्यानें तासाभरावर आला.

तेव्हांपासून मध्य मुंबईंतल्या कुटुंबांत एक नवीच रीत पडली आहे. सकाळच्या नौकेनें मांडव्यास जावयाचें, तेथें पाण्याकांठच्या एखाद्या हॉटेलांत मासळीचें जेवण घ्यावयाचें, आणि उन्हें कलतांच परत फिरावयाचें. मासळीचें हॉटेल ही चीज आमच्या भागास नवी नाहीं. भायखळा, लालबाग, परळ येथें गिरणींतील एकट्या राहणाऱ्या कामगारांस कालवण-भात घालणाऱ्या खानावळवाल्या बायांनीं हा व्यवसाय अनेक वर्षें चालविला, आणि प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांस एकत्र आणलें. परंतु ती जेवणाची गरज होती. ही हौस आहे. हौसेच्या वेळीं माणसाचे आग्रह अधिक तीव्र होतात.

आमच्या घरांत हा बेत निघाला तो गेल्या मे महिन्यांत. धाकट्या सूनबाई मालवणकडच्या सारस्वत. आमच्या घरीं मासळी शिजत नाहीं, आणि अकरा वर्षांत त्यांनीं तो विषय एकदांही काढलेला नाहीं. माहेरीं जातील तेव्हां खातील, एवढेंच. माझी वडील बहीण, जिला आम्ही सर्व आक्का म्हणतों, ती चौऱ्याहत्तर वर्षांची. वाचन भरपूर, नियम कडक. ती म्हणाली, “मी येईन. समुद्र पाहून मलाही पुष्कळ दिवस झाले. पण माझें ताट त्यांच्यांत नको.” थोरल्या सूनबाईंनीं नेहमींचा तोडगा सुचविला: दोन टेबलें. त्यावर धाकट्या हळूच म्हणाल्या, “कशाला अप्पा? मी वरणभातच घेईन. सगळीं एकत्र बसूं या.”

सर्वांस हा तोडगा सोयीचा वाटला, व मला तो मुळींच मान्य झाला नाहीं. घराच्या चुलीचा नियम घरापुरता. अकरा वर्षें जिनें तो पाळला तिनें समुद्राच्या कांठीं, मासळीच्याच हॉटेलांत जाऊनही, आमची पंक्ति अभंग राहावी म्हणून वरणभात खावा, यास मी सामोपचार म्हणणार नाहीं. एकाच बाजूनें दिलेली ती पट्टी आहे. आणि पट्टी देणारें माणूस हंसतमुखानें देतें म्हणून ती घ्यावयाची असें थोडेंच आहे?

आक्काशीं वाद घालावयाचा म्हणजे ग्रंथ काढावे लागतात. मनुस्मृतीचा पांचवा अध्याय काढला. तेथें मत्स्यभक्षकास सर्व प्रकारचें मांस खाणाराच्या पंक्तीस बसवून मासे वर्ज्य सांगितले आहेत. आणि लगेच पुढच्याच श्लोकांत पाठीन व रोहित हे देवपितृकार्यांत चालतील, शिवाय खवले असलेले सर्व मासे चालतील, अशी सवलत दिली आहे. (बोंबलास खवले मानावे कीं न मानावे, याचा निर्णय पंडितांनीं करावा, मी त्यांत पडत नाहीं.) वंगदेशांतील आणि मिथिलेंतील ब्राह्मण शतकानुशतकें मासे खात आले, व त्यांच्या नव्यन्यायास कोणीं विटाळ मानला नाहीं. महाभारताच्या शल्यपर्वांत तर सरस्वतीपुत्र सारस्वत मुनीची कथाच आहे. बारा वर्षें अवर्षण पडलें, ऋषि अन्नासाठीं दाही दिशांस पांगले, आणि पोटामागें धांवतां धांवतां वेद विसरले. सारस्वतास आईनें नदींतील मासे दिले. तो तेथेंच राहिला आणि वेद त्याच्या मुखीं राहिले. पाऊस पडल्यावर साठ हजार मुनि त्या कोवळ्या मुलापाशीं येऊन पुन्हां वेद शिकले.

आक्कानें सर्व ऐकून घेतलें व विचारलें, “त्यानें दुष्काळ होता म्हणून खाल्ले. मांडव्यास कसला रे दुष्काळ?”

आक्षेप मीमांसकास शोभेल असा होता. मीं म्हटलें, “दुष्काळ संपल्यानंतर साठ हजार जण त्याच्यासमोर येऊन बसले ना? शेजारीं बसण्यास हरकत असती तर ते तेव्हां बसते ना.” आक्का कांहीं बोलली नाहीं. रविवारीं सकाळीं मात्र सर्वांआधीं तीच तयार होऊन दाराशीं उभी होती.

मांडव्याचें तें हॉटेल पाण्याला अगदीं लागून होतें. आम्ही आठ जण एका टेबलाशीं बसलों. आक्काची खुर्ची पाण्याच्या बाजूस, तिच्याशेजारीं मी, समोर धाकट्या सूनबाई. शाकाहारी माणसाची अशा ठिकाणीं काय दशा होते याविषयीं दोन शब्द लिहिणें माझें कर्तव्य आहे. समुद्राच्या तोंडाशीं, नारळीच्या बागांच्या मुलुखांत, वाढप्यानें आम्हांस पनीरच्या पांच प्रकारांचीं नांवें सांगितलीं. डाळिंब्यांची उसळ नाहीं, फणसाची भाजी नाहीं, केळफुलाचें नांव काढतां तो आमच्याकडे पाहूं लागला. कोंकणांत बसून पंजाबची भाजी खाण्याची पाळी यावी हा मासळीचा दोष नव्हे, हॉटेलवाल्यांच्या आळसाचा आहे. शेवटीं भात, साधी डाळ, आणि नशिबानें उत्तम सोलकढी मिळाली.

मग वाढप्यानें सूनबाईंपुढें एक परात आणून धरली. बर्फाच्या चुऱ्यावर कच्ची मासळी मांडलेली. गिऱ्हाइकानें निवडावी व ती आंत तळावयास जावी, अशी तेथें पद्धत आहे. पापलेटें होतीं, बांगडे होते, कोळंबी होती, बोंबील होते. आक्कानें पदर नाकास लावला, पण मान वळविली नाहीं. सूनबाईंनीं बोटानें एकेकाचे कल्ले उघडून आंतला तांबडेपणा पाहिला, बांगडे व बोंबील बाजूस काढावयास सांगितले, आणि पापलेटांची रांग परत सारली. वाढपी म्हणाला, “ताईं, पापलेट एकदम ताजें आहे.” त्या म्हणाल्या, “ताजें आहे हो, पण हीं लेकरें आहेत. हीं नकोत.”

आक्कानें पदर खालीं घेतला. म्हणाली, “म्हणजे तुमच्यांतही वर्ज्यावर्ज्य आहे तर.”

“आहे ना, आत्याबाई. आमची आजी पाटींत हात घालण्याआधीं तेंच बघायची.”

पुढें त्या दोघींचें जें संभाषण चाललें त्यांत पाऊण तास मला कोणीं विचारलें नाहीं. कोणत्या महिन्यांत कोणता मासा गाभोळीवर असतो, तिरफळ कशांत घालतात व कशांत नाहीं, आमसूल केव्हां आणि चिंच केव्हां, इथवर आक्कानें सर्व चौकशी केली. तिनें अर्थात् खाल्लें कांहीं नाहीं. कोणीं खावें असें म्हटलेंही नव्हतें.

मला येथें जें म्हणावयाचें आहे तें या पापलेटांपुरतें आहे. विधिनिषेधाची जी बारीक दृष्टि आपल्या घरांनीं इतकीं वर्षें जोपासली ती टाकून द्यावी असें मी म्हणत नाहीं. ती चुकीच्या ठिकाणीं खर्च होते, हें माझें गाऱ्हाणें आहे. ताटाशेजारीं कोण बसलें याची चौकशी करण्यांत आम्हीं सारी शक्ति घालविली, आणि ताटांत काय आलें, केवढें आलें, कोणत्या ऋतूंत आलें, याची चौकशी शाकाहाऱ्यांनीं आपला विषय नाहीं म्हणून सोडली व मत्स्याहाऱ्यांनीं पैसे दिले म्हणून सोडली. वस्तुतः सरकारास जें कायद्यानें सांगावें लागत आहे तें सूनबाईंची आजी पाटीपाशीं बसून पाळीत होती. महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं रुपेरी पापलेटास राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षीं समुद्रांतील ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली, तिच्याहून लहान मासा पकडूं नये व विकूं नये असें सांगितलें. रुपेरी पापलेटाची ही लांबी १३५ मिलीमीटर, म्हणजे शाळकरी मुलाच्या कंपासपेटींतील पट्टीहूनही दीड सेंटिमीटर कमी. एवढीही वाढ ज्याची झालेली नाहीं त्यास पिलूंच म्हणावयाचें.

यांतलें कारण समजण्यास फार शास्त्र लागत नाहीं. मासा एकदां तरी वीण करून मग जाळ्यांत आला तर त्याचा वंश पुढें चालतो. त्याआधींच आला तर मूळ भांडवलच खर्चीं पडतें. बारीक आंसाचीं जाळीं लहानमोठें न पाहतां सर्वच ओढून आणतात. त्यांत हॉटेलांचा व गिऱ्हाइकांचा एक शौक भर घालतो: एका थाळींत एक अखंड पापलेट मावलें पाहिजे. मोठें पापलेट थाळींत मावत नाहीं, तुकडे करावे लागतात, आणि तुकड्याची शोभा अखंड माशास येत नाहीं! थाळीच्या मापानें समुद्रांतला मासा बेतावयाचा हा प्रकार, सोंवळेंओंवळें बाजूस ठेवून, केवळ हिशेबाच्या दृष्टीनेंही मूर्खपणाचा आहे.

ऋतूचीही तीच गोष्ट. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस जून आणि जुलै या महिन्यांत मासेमारीची बंदी असते. पुष्कळ माशांच्या विणीचा तो काळ. आणि समुद्र खवळलेला असतो हें तर उघडच आहे. कोळी लोक नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ वाहून मग होड्या लोटतात. आपल्यांतील मत्स्याहारी घरेंही श्रावण पाळतात. म्हणजे निषेध आमच्या पंचांगांत होताच, फक्त त्याचा आणि समुद्राचा संबंध आम्ही विसरलों. जुलैच्या भर पावसांत कांचेआड बसून ‘ताज्या’ पापलेटाची मागणी करणारा गृहस्थ हें लक्षांत घेत नाहीं कीं तें पापलेट एक तर शीतगृहांतून आलेलें आहे, नाहीं तर दूरवरून.

खवळलेला समुद्र म्हणजे काय, हें भाऊच्या धक्क्यास कोणीं शिकवावयास नको. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं याच धक्क्यावरून रेवसास निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली, आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. आषाढाची अमावास्या आली होती. श्रावण लागण्यापूर्वीं गांवाकडे पोंचावें म्हणून निघालेले चाकरमानी त्यांत पुष्कळ होते. जे वांचले त्यांपैकीं कित्येकांस रेवसकडच्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांत ओढून घेतलें. मांडव्यास जातांना आमची नौका त्याच पाण्यांतून जाते. नातवास मीं ही हकीकत वाटेंत सांगितली तेव्हां त्याच्या आईनें डोळे मोठे केले, कीं अशा वेळीं असलें काय सांगतां. मीं तरी सांगितली. ज्या पाण्याकडे तोंड करून जेवावयाचें त्याची एवढी ओळख असावी.

आतां एक व्यावहारिक गोष्ट. हॉटेलांत विचारण्यास कोणी लाजूं नये. मासा कोठला, केव्हांचा, पिलूं तर नव्हे, एवढे तीन प्रश्न वाढप्यास विचारले तर तो रागावत नाहीं; फार तर मालकास बोलावून आणतो. बंदीच्या दिवसांत ज्यांस खावयाचेंच आहे त्यांस गोड्या पाण्यांतील मासे आहेत. आणि कोंकणांतील घरांनीं तर याचा बंदोबस्त फार पूर्वींच करून ठेविला आहे: उन्हाळ्यांत बोंबील, सुकट, बांगडे वाळवून पावसाळ्याची बेगमी करावयाची. समुद्र मिटलेला असतांना घर उपाशी राहत नाहीं, व समुद्रासही दोन महिने विश्रांति मिळते.

याच बेगमीपायीं सध्यां आमच्या घरांत नवें प्रकरण उपस्थित झालें आहे. मांडव्याची हकीकत मालवणास कळली, आणि सूनबाईंच्या मातोश्रींनीं सुक्या बोंबलांची एक पुरचुंडी पाठवून दिली. तिचा वास पहिल्या मजल्यापर्यंत गेला असें शेजारी सांगतात. आक्कानें दोन दिवस विचार करून अटी घातल्या आहेत: झांकण घट्ट बसेल असा डबा, तो सज्जांत, तुळशीच्या विरुद्ध बाजूस, भाजावयाचे ते तेथेंच, निराळ्या शेगडीवर, आणि चातुर्मास लागण्यापूर्वीं संपवावयाचे. डबा काल आक्कानें स्वतःच आणला.